माथेरानचे घोडे आणि नालबंद चाचा

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरले की समोर डोंगर उभा दिसतो. त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरान वसले आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढे मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांनी आणि शेठ मंडळींनी तिथे बंगले बांधले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. वर जाणारी ती छोटी रेल्वे कोणी बांधली, हे मात्र घरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा. मुंबईचे सर आदमजी पीरभाई यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली आणि १९०७ साली ती धावू लागली. दोन फूट रुंदीचे रूळ आणि २१ किलोमीटरची वळणे. पावसाळ्यात नेरळहून सुटणारी गाडी बंद असते. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, तेव्हा ती अजून सुरू झाली नव्हती. म्हणून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो.

दस्तुरीला टॅक्सी थांबते, कारण पुढे मोटारीला मनाई आहे. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉजहून शटल गाडी मिळते, नाहीतर चालायचे, नाहीतर घोडा करायचा. तांबडी माती, जांभा दगड, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि लगाम धरून उभे असलेले घोडेवाले. परवाना असलेले साडेचारशेच्या आसपास घोडे इथे आहेत आणि त्यांच्यावर तेवढ्याच चुली पेटतात. माझ्या मुलांनी घोडे पाहिले आणि त्यांना बाकी काही सुचेना. मला मात्र त्या दिवशी घोड्यावर बसायचे नव्हते. घोड्याच्या पायाखाली काय असते, ते पाहायचे होते.

त्याचे कारण असे. माझ्या नणंदेचे सासर नेरळला. तिच्या सासऱ्यांचे जुने स्नेही नालबंद आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ते रोज सकाळी डोंगर चढतात. आडनावाने नालबंद असलेली घरे आपल्याकडे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी हातोडा कधीच खाली ठेवला. कोणी वेल्डिंग करतो, कोणी गॅरेज चालवतो, कोणी शाळेत शिकवतो. एके काळी मुंबईत या कामाला तोटा नव्हता. १८७४ साली मुंबईत पहिली ट्राम धावली ती घोड्यांनी ओढलेली. ट्रामचे घोडे गेले, तरी व्हिक्टोरिया राहिल्या. चाचांनी तरुणपणी व्हिक्टोरियाच्याच घोड्यांना नाल ठोकली. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला, तोवर चाचा नेरळला येऊन स्थिरावले होते.

बाजाराच्या मागच्या अंगाला, एका जांभळीखाली त्यांचे दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी ओंडका, एक लहान ऐरण आणि गोणपाटावर मांडलेली हत्यारे. हातोडी, पक्कड, लांब कानस, खिळ्यांचा डबा आणि सुमतराश. सुम म्हणजे खूर, आणि तो तासायचा म्हणून सुमतराश. हा शब्द माझ्या मोठ्या मुलाला इतका आवडला की दिवसभर तो पेन्सिलीला टोक काढायच्या यंत्रालाही तेच म्हणत होता.

आम्ही पोचलो तेव्हा चाचांसमोर एक तांबूस घोडा उभा होता. नाव बादल. मालक तिशीतला, स्थानिक, चेहऱ्यावर झोप नसलेला. बादलच्या पुढच्या डाव्या खुराला जमिनीपासून वर चढत गेलेली भेग होती, माझ्या दोन बोटांच्या रुंदीपेक्षा थोडी उंच. मालकाचे पहिले वाक्य मी स्वतः ऐकले.

"चाचा, शनिवारपासून पर्यटक यायला लागतील. तोपर्यंत बुजवून टाका."

चाचांनी उत्तर दिले नाही. त्यांनी घोडा दहा पावले चालवायला सांगितला, मग परत आणायला सांगितला, मग दगडावरून चालवला. मालक घड्याळ पाहत होता. चाचांनी खुरावर तळहात ठेवला, मग दुसऱ्या पायाच्या खुरावर ठेवला. गरम आहे का, ते पाहत होते. पाय उचलून आपल्या मांड्यांमध्ये धरला, पकडीने खुराची कड जागोजागी हलकेच दाबली. एका ठिकाणी बादलने कान मागे केले, पण पाय ओढून घेतला नाही.

"लंगडत नाही, गरम नाही, रक्त नाही," चाचा म्हणाले. "नशीब समज. पण शनिवारी नाही."

आपल्या घरांतल्या बायकांना टाचेच्या भेगा चांगल्या ठाऊक असतात. रात्री व्हॅसलीन चोळून मोजे घातले की आठ-पंधरा दिवसांत कातडी मिळून येते. खुराची भेग तशी नसते. खूर हे आपल्या नखासारखे आहे. बाहेरची कडक भिंत मेलेली असते आणि मेलेली वस्तू मिळून येत नाही. वर जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो, त्या कडेतून नवीन खूर तयार होतो आणि जुन्याला खाली ढकलतो. तोही महिन्याला आठ ते दहा मिलिमीटर. पुढची भिंत वरपासून खालपर्यंत पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे भेगेवर इलाज करायचा तो एवढाच, की ती आणखी वर चढू द्यायची नाही, आणि खालून दर खेपेला तासत तासत तिला संपवायचे.

भेग पडते कशाने, हे चाचांनी पाय धरूनच सांगितले. माथेरानचा पाऊस म्हणजे पाऊस. चार महिने ओल्यात राहिलेला खूर पाणी पिऊन मऊ होतो. मग ऑक्टोबरचे ऊन पडले की तोच खूर वाळून आकसतो. त्यात पावसाळ्यात धंदा नसतो, म्हणून मालक नालबंदाचा खर्च पुढे ढकलतो. पाच-सहा आठवड्यांनी काढायला हवी ती नाल दहा-बारा आठवडे तशीच राहते. खूर पुढे वाढत जातो, नखासारखा लांब होतो. मग घोडा प्रत्येक पाऊल उचलताना त्या लांब टोकावर जोर येतो आणि भिंत फाकते. लाकूड फोडताना पाचर ठोकतो ना, तसे. बादलची नाल शेवटची कधी बदलली, असे चाचांनी विचारले. मालकाने आकाशाकडे पाहिले आणि "आषाढात" म्हणाला.

मग काम सुरू झाले. आधी खिळ्यांची दुमडलेली टोके सरळ करून जुनी नाल काढली. तळवा खरवडला. तळव्याच्या मध्ये रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याला पुतळी म्हणतात. तिला सुरी न लावता फक्त घाण काढली. पुढचे टोक कानशीने मागे आणले. मग बारीक वाकड्या सुरीने भेगेच्या आतला काळा भुगा काढू लागले. तो भुगा हातावर घेऊन चाचांनी मला वास घ्यायला सांगितला. कुजलेल्या पानांसारखा वास होता. "ही सड," ते म्हणाले. "ही आत ठेवून वर काही भरलं, तर झाकणाखाली अन्न ठेवल्यासारखं होतं." सगळा काळा भाग निघाल्यावर मोरचुदाच्या पाण्याने भेग धुतली आणि वाळू दिली.

मालक पुन्हा म्हणाला, "चाचा, ते पाइपाची गळती थांबवायचं सील असतं, ते भरलं तर? वरून काळं पॉलिश मारलं की गिऱ्हाईकाला कळणार पण नाही."

"गिऱ्हाईकाला नाही कळणार. घोड्याला कळेल."

त्यांचे पुढचे काम मला सर्वांत आवडले. जिथे भेग जमिनीला टेकते तिथली खुराची कड त्यांनी रुपयाच्या नाण्याइतकी तासून कमी केली. नाल बसवल्यावर तिथे नाल आणि खूर यांच्यात फट राहिली. बाकी सगळ्या खुरावर भार येईल, पण भेगेवर येणार नाही. मग नालेच्या लोखंडातून दोन लहान कान काढले. एक भेगेच्या या बाजूला, एक त्या बाजूला, भिंतीला बाहेरून धरून ठेवणारे. खिळे भेगेपासून लांब मारले. शर्यतीच्या घोड्यांची भेग तारेने शिवतात आणि वर चिवट लेप देतात, तेही चाचांना माहीत आहे. पण त्या घोड्यामागे डॉक्टर असतो, मऊ माती असते आणि विश्रांती असते. इथे दगड आहे आणि दिवाळी आहे.

सगळे झाल्यावर त्यांनी कानशीच्या कोपऱ्याने भेगेच्या वरच्या टोकाला एक आडवी बारीक खूण केली. मला वाटले, हाही इलाजाचा भाग. काही नालबंद भेग थांबावी म्हणून तिथे खोल आडवी खाच पाडतात, हे खरे आहे. चाचांची खूण तेवढी खोल नव्हती. "ही घोड्यासाठी नाही," ते मालकाकडे मान वळवून म्हणाले, "ही याच्यासाठी."

घोड्याला सांभाळणे निम्मे काम, मालकाला सांभाळणे निम्मे, असे ते मागाहून चहा पिताना म्हणाले. मालक उतावळा होतो तो दुष्ट असतो म्हणून नाही. घोडा उभा राहिला तरी भुसा, कोंडा, हरभरा रोज लागतोच. पतसंस्थेचा हप्ता थांबत नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना. वर्षाची कमाई या थोड्या दिवसांत करायची. त्यांतले एक पर्व गेले की पुढचे सहा महिने उसनवारीत. अशा माणसाला "सबूर कर" एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणे. म्हणून चाचा सबूर हा शब्दच वापरत नाहीत. ते तारीख देतात. बादलची भेग चार-साडेचार सेंटीमीटर. महिन्याला एक सेंटीमीटरच्या आत वाढ. म्हणजे फेब्रुवारी संपता संपता ती जमिनीला येईल, जर मध्ये वर चढली नाही तर. मे महिना वाचतो. ही बेरीज त्यांनी मालकाला बोटांवर करून दाखवली आणि त्याच्याकडूनही करून घेतली.

दुसरे, ते मालकाला काम लावून देतात. रोज संध्याकाळी खूर ब्रशने साफ करायचा, भेग मोरचुदाच्या पाण्याने धुवायची, घोडा कोरड्या जागी बांधायचा. वर तेल चोपडायचे नाही. दर जुम्म्याला एकाच बाजूने, एकाच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. "रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, मग त्याला वाटतं काही होतच नाही. चार फोटो ओळीने लावले की खूण खाली सरकलेली दिसते. मग माणूस टिकतो." आणि पैशाचीही एक गंमत आहे. पाचव्या आठवड्यात जो वेळेवर घोडा घेऊन येतो, त्याच्याकडून ते कमी पैसे घेतात. उशिरा येणाऱ्याला सूट नाही.

माझ्या यजमानांनी विचारले, बाजारात बायोटिनची पावडर मिळते म्हणतात, तिने खूर लवकर वाढतो का? चाचा हसले. ती चांगली आहे, म्हणाले, पण ती पुढे येणाऱ्या खुराला चांगली करते, फाटून गेलेल्याला नाही. सहा-आठ महिने रोज द्यावी लागते. आठ दिवस देऊन डबा परत करायला आलेला मालकही त्यांनी पाहिला आहे.

सगळ्याच भेगा बादलसारख्या सरळ नसतात. केसांच्या कडेपासून सुरू होऊन खाली येणारी भेग वेगळी. तिथे दगड लागून किंवा खूर खुरावर बसून ती कडच जखमी झालेली असते आणि जोवर कड बरी होत नाही तोवर खाली येणारा प्रत्येक नवा खूर फाटकाच येतो. कड कायमची चिरली तर भेगही कायमची. अशा घोड्याला, किंवा जो लंगडतो, ज्याचा खूर तापतो, ज्याच्या भेगेतून रक्त-पू येतो त्याला चाचा हात लावण्याआधी गुरांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. यावरून त्यांची भांडणे होतात. "डॉक्टर सांगणार, काम बंद. मालकाला ते ऐकायचं नसतं, म्हणून तो माझ्याकडे येतो. मीही तेच सांगतो, मग तो तिसऱ्याकडे जातो."

बादलला काम पूर्ण बंद नव्हते. तो लंगडत नव्हता. चाचांनी सांगितले ते असे: दिवसाला दोन फेऱ्या, मातीच्या वाटेने, लहान मुले किंवा हलके माणूस, उतारावर पळवायचे नाही. आणि फरशीच्या रस्त्यावर शक्य तितके कमी. ही फरशी माथेरानमध्ये सध्या मोठ्या वादाचा विषय आहे. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडेवाल्यांचे म्हणणे, त्यावरून नाल घसरते. २०२२ च्या डिसेंबरात प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला, तो योग्यच. पण ई-रिक्षा वाढल्या की दस्तुरी ते बाजार ही घोड्याची रोजची फेरी कमी होणार, ही धास्ती प्रत्येक घोडेवाल्याच्या बोलण्यात येते. उतावळेपणाचे हेही एक कारण आहे. पुढच्या वर्षी धंदा असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो फेब्रुवारीची तारीख ऐकून कसा शांत बसेल?

बादलच्या मालकाने खरी गोष्ट त्यानंतर सांगितली. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरते. तिथूनच त्याने बादल आणला होता. भेग भरून, वर काळे पॉलिश मारून बादलला तिथेच विकायचा आणि हप्ता फेडायचा, असे घरात बोलणे चालले होते. म्हणजे त्याला भेग बरी करून नको होती, दोन महिने झाकून हवी होती.

मला वाटले, आता चाचा रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "किती हप्ते राहिलेत?" त्याने सांगितले. "घोडा विकून किती येतील?" त्याने सांगितले. "आणि घेणारा तिथला जुना माणूस असेल. तो खुरावर हात नाही फिरवणार? नखाने पॉलिश खरवडून बघणार नाही? मग किती येतील?" तो गप्प झाला. "विकायचा असेल तर वीक. तुझा घोडा आहे. पण भेग दाखवून वीक. या कानाच्या नालेसकट. घेणाऱ्याला सांग, इलाज चालू आहे, खूण इथे होती, आता इथे आहे. फोटो दाखव. झाकलेल्या भेगेपेक्षा उतरणाऱ्या भेगेला भाव जास्त येईल. पॉलिश माझ्याकडून मिळणार नाही."

तेवढ्यात त्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली. तिला सगळा हिशेब आधीच ठाऊक असावा. तिने बादलच्या मानेवर हात फिरवला, खाली वाकून नवी नाल पाहिली आणि मुलाला म्हणाली, "पैसे दे चाचांना आणि घरी ने त्याला. ऊन लागतंय." घोडा गेला. चाचांनी पुढच्या घोड्याचा पाय उचलला. त्याला भेग नव्हती, नुसती नाल बदलायची होती, आणि त्याचा मालकही घाईत होता.

आम्ही त्या संध्याकाळी शार्लोट तलावाकडे चालत गेलो, मुलांनी एको पॉइंटला आरोळ्या मारल्या, दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. चिक्की घेतली, चपला घेतल्या. ते सगळे माथेरानला जाणारा प्रत्येकजण करतो.

चाचांनी बादलचे फोटो नणंदेमार्फत मला पाठवले, कारण मुलगा दर आठवड्याला विचारत होता. दिवाळीनंतरच्या जुम्म्याचा फोटो आला नाही. त्याच्या पुढच्या जुम्म्याला आला, तेव्हा भेग खुणेच्या वर अर्धे बोट गेलेली होती. दिवाळीचे चार दिवस बादलने पूर्ण फेऱ्या मारल्या होत्या. नणंद सांगत होती की मालक मान खाली घालून आला. चाचांनी काही विचारले नाही. नाल काढली, पुन्हा तासले, पुन्हा मोरचूद, आणि वरच्या टोकाला नवी खूण केली. फेब्रुवारीच्या ऐवजी आता एप्रिल.

सारंगखेड्याला बादल गेला नाही. आईने जाऊ दिला नाही म्हणतात. नाताळच्या गर्दीत तो दिवसाला दोनच फेऱ्या करत होता. जानेवारीच्या शेवटी आलेल्या फोटोत पहिली खूण तासून निघून गेलेली आहे आणि दुसरी खूण खुराच्या मधोमध आहे. केसांच्या कडेपासून तिथपर्यंतचा खूर गुळगुळीत, अखंड. फोटोखाली मालकाने स्वतः लिहिले आहे: "पुढची नाल १२ तारखेला. चाचांना आठवण करा."